जास्तीची फेरी

बेडकाचं डोकं घालण्याआधी चांगाकाका त्याला हात जोडायचे. चपला खोलीबाहेर काढायचे, ओला पंचा कपाळाला घट्ट बांधायचे, स्टुलावर ठेवलेल्या त्या हिरव्या, टोपलीएवढ्या डोक्यासमोर क्षणभर उभे राहायचे आणि मग ते दोन्ही हातांनी उचलून चढवायचे. ते उतरेपर्यंत तोंडातून एक शब्द निघायचा नाही. कुणी हाक मारली, पाय मुरगळला, एखाद्या पोरानं मागून पाठीत गुद्दा घातला, तरी नाही.

मला हे ठाऊक नव्हतं, म्हणून पहिल्याच दिवशी मला त्यांचा राग आला. वडखळपासून थोड्या अंतरावरच्या एका वॉटर पार्कमध्ये मी गेस्ट रिलेशन खात्यात लागले होते. बी.कॉम. झालेली. आमच्या अख्ख्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, आणि हे मी लपवत नाही, मिरवते. गळ्यात नावाचं कार्ड घालून, रोह्याहून सकाळची गाडी पकडून कासूला उतरून, पार्कच्या बसने मी ऐटीत कामावर पोहोचले. सोंगं घालून पाहुण्यांना हसवणारे चार कलाकार माझ्या खात्यात होते. गेटजवळ बेडूक दिसला. मी पुढे होऊन म्हटलं, गुड मॉर्निंग, मी सुजाता, आजपासून तुम्ही मला रिपोर्ट करायचं. बेडकानं मान तिरकी करून मला खालून वर न्याहाळलं, तीन उड्या मारल्या आणि निघून गेला.

दुपारी कॅन्टीनमध्ये साठीचा एक सडसडीत, उन्हानं काळा पडलेला माणूस ताकाचा पेला घेऊन माझ्यासमोर बसला.

"सकाळी राग आला ना, बाय? बेडूक बोलत नाय. आता मी हाय. आता बोल काय ते."

त्यांचं नाव चांगदेव पाटील. पेणच्या पलीकडे खाडीकाठच्या गावातले. तरुणपणापासून मिठागरात काम केलेलं, मिठागर बंद पडल्यावर बरीच वर्षं मिळेल ते केलं, आणि पार्क सुरू झाला तेव्हा सोंगासाठी माणसं हवीत म्हणून ऐकल्यावर सरळ येऊन उभे राहिले. बाकीची तरुण मुलं त्या फोमच्या कपड्यात पंधरा मिनिटांत घेरी येऊन बसायची. काका अर्धा तास सहज काढायचे. मी विचारलं, तुम्हाला गरम होत नाही का? तर म्हणाले, "मिठागरात वरनं ऊन आनि खालनं ऊन. ह्या बेडकात निदान सावली तरी हाय."

ते नाचायचे मात्र असे की मोठी माणसंसुद्धा तरंगायचं सोडून काठावर यायची. आणि एक गोष्ट मी पहिल्या आठवड्यातच टिपली. एखाद्या मुलानं गोळी दिली, बाईनं केसातलं फूल काढून दिलं किंवा कुणी दहाची नोट पुढे केली, की बेडूक ते दोन्ही हातांनी घ्यायचा, आपल्या हिरव्या कपाळाला लावायचा आणि त्या एका माणसासाठी वेगळी फेरी घालायचा. तीन उड्या, एक गिरकी, पुन्हा तीन उड्या, आणि शेवटी देणाऱ्यासमोर गुडघ्यावर बसून डोकं जमिनीला टेकवायचं. गोळी असो की नोट, फेरी तेवढीच. कमी नाही, जास्त नाही.

हे कुठून शिकलात म्हणून विचारलं, तर शिमग्यातून, म्हणाले. त्यांच्या गावात शिमग्याला सोंगं निघत. काका अस्वल व्हायचे. घरोघर जाऊन अंगणात नाचायचं आणि घरचा माणूस देईल ती पोस्त घ्यायची. मूठभर तांदूळ असतील, नारळ असेल, रुपया असेल. एका घरी काहीच नव्हतं तर म्हातारीनं तांब्याभर पाणी दिलं, ते अस्वलानं मुखवटा थोडा वर करून प्यायलं आणि त्या अंगणातही फेरी घातली. त्यांचे नियम दोनच होते. सोंगानं मागायचं नाही. आणि दिलेलं परत धाडायचं नाही.

तिसराही एक होता, तो मला कॅन्टीनमध्ये कळला. स्वयंपाकवाल्या ताईंची मुलगी एकदा सुट्टीत आली होती. काका जेवत होते, ती त्यांच्या मागे लागली, आजोबा, बेडकासारखी उडी मारून दाखवा ना. काकांनी तिला शेजारी बसवून आपल्या ताटातला पापड दिला, पण उडी मारली नाही. सोंगं ठेवायच्या खोलीकडे बोट करून म्हणाले, "बेडूक तिकडं झोपलाय. मला नाय येत त्यातलं काय." अंगावर सोंग नसताना सोंगाची चाल चालायची नाही. आम्ही हसलो, पण त्यांना त्यात हसण्यासारखं काही वाटत नव्हतं.

आता माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. माझे वडील कोलाडला हायवेवरच्या एका हॉटेलात वेटर. माझ्या जन्माआधीपासून. गावात थोडी भातशेती आणि भातानंतर वाल, पण घर चाललं ते हॉटेलावर. बिल दिल्यावर गिऱ्हाईक बडीशेपच्या बशीत काही ठेवतं, ते बाबा उचलतात आणि उचलताना मान जराशी खाली करतात. लहानपणी मी हॉटेलात गेले की ती मान खाली गेलेली बघायचे. शाळेत एका मुलीनं सगळ्यांसमोर म्हटलं होतं, हिचे बाबा टीपवाले. त्या दिवसापासून माझ्या मनात एक बसलं की आमच्या घरात पुढे कुणी हात पुढे करणार नाही. शिकले त्यामागे पुस्तकांची आवड थोडी आणि ही चीड जास्त होती.

म्हणून पार्कमध्ये ते प्रकरण झालं तेव्हा मला आतून बरंच वाटलं. सशाचं सोंग घेणारा नरेश फोटो काढल्यावर पाहुण्यांपुढे तळहात धरायचा. एका कुटुंबानं तक्रार केली. साहेबांनी मला बोलावून सांगितलं, एक बोर्ड तयार कर आणि कलाकारांना समज दे. मी दोन दिवस शब्द घासले. शेवटी मोठ्या अक्षरांत छापून घेतलं: 'आमच्या कलाकारांना बक्षीस देऊन त्यांचा अवमान करू नये. बक्षीस घेणाऱ्या कलाकारावर कारवाई होईल.' अवमान हा शब्द माझा. साहेबांना तो फार आवडला.

बोर्ड लागला त्या सकाळी काका त्याच्यासमोर बराच वेळ उभे राहिले. मग मला म्हणाले, "लिव्हलंस झाक. पन एक सांग. मानसाला आवडलं, त त्यानं ते ठेवायचं कुठं?"

मी म्हटलं, टाळ्या वाजवाव्यात. ते म्हणाले, पाण्यात पोराला धरलेली बाई टाळ्या कशी वाजवील. मी म्हटलं, काका, नियम म्हणजे नियम, कुणाकडून काही घेणं बरं दिसत नाही, तुम्ही कलाकार आहात. मला वाटतं, मी कुणाबद्दल बोलतेय हे त्यांना तेव्हाच कळलं असावं, कारण माझे वडील काय करतात हे त्यांनी आधी एकदा विचारलं होतं आणि मी हॉटेल लाइनमध्ये आहेत असं म्हणून विषय बदलला होता.

त्यांनी घेणं थांबवलं नाही. दुसऱ्याच आठवड्यात कॅमेऱ्यात दिसलं की आश्रमशाळेच्या सहलीतल्या एका मुलीनं दिलेली बोरं बेडकानं घेतली आणि तिच्यासाठी फेरी घातली. साहेब म्हणाले, बोरं काय नि नोट काय, आज सोडलं तर उद्या नरेशला काय सांगणार? मला काकांकडून लेखी घ्यायला सांगितलं. मी कागद घेऊन खोलीत गेले. काका म्हणाले, लिही, बेडकानं घेतलं, चांगदेव पाटलानं नाय. मी म्हटलं, हे असं लिहून चालत नाही. मग मी जे केलं ते सांगायला मला आजही बरं वाटत नाही. मी म्हटलं, काका, मला इथं लागून सहाच महिने झालेत. तुम्ही ऐकलं नाहीत तर माझ्यावर येईल. माझ्यासाठी तरी यापुढे घेऊ नका.

ते बराच वेळ पंचाची घडी घालत बसले. मग एवढंच म्हणाले, "तुज्यासाठी, बाय."

थंडीत पार्क स्टाफच्या घरच्यांना एक दिवस फुकट पास देतो. मी आईबाबांना आणलं. बाबांनी लग्नकार्यात घालायचा निळा शर्ट घातला होता. आयुष्यात कुठे पाहुणे म्हणून जायची सवय नाही, त्यामुळे फूड कोर्टवर खाऊन झाल्यावर त्यांनी आमच्याच नाही तर शेजारच्या टेबलावरच्या प्लेटासुद्धा एकात एक घालून रचून ठेवल्या. आईनं कोपरानं ढोसलं तेव्हा थांबले. मी पाण्याच्या बाटल्या आणायला काउंटरवर गेले, तेवढ्यात बेडूक आला. बाबा हसताना मी फार कमी वेळा बघितलेत, त्यातही आवाज न करता. त्या दिवशी ते खो खो हसले. बेडकानं आईच्या पदराआड लपायचं नाटक केलं तेव्हा तर त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. बेडूक थांबला. बाबांनी आतल्या खिशातून घडी केलेली वीसची नोट काढली आणि पुढे केली.

बेडकानं नोटेकडे बघितलं. मग त्याचं ते मोठं डोकं माझ्याकडे वळलं. त्याच्या तोंडाच्या जाळीतून काकांचे डोळे दिसत नव्हते, पण ते माझ्याकडे बघत होते हे नक्की. मी काहीतरी करायला हवं होतं. मी केलं नाही. बेडकानं दोन्ही हात पाठीमागे नेले, मान हलवली आणि पुढे निघून गेला.

बाबांचा हात तसाच राहिला. मग त्यांची नजर बाजूच्या बोर्डावर गेली. ते चौथी शिकलेत, सावकाश वाचतात. मी जवळ येईपर्यंत ओठ हलवत त्यांनी सगळा वाचला.

"हा तू लिव्हलास ना?"

मी हो म्हटलं.

"शब्द चांगले हायत," म्हणाले, आणि नोट परत आतल्या खिशात ठेवली.

येताना कासूहून रोह्याच्या गाडीत आई बोलत होती, बाबा खिडकीबाहेर बघत होते. नागोठणं गेल्यावर ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "सुजा, मला लोकांनी दिलेलं मी घेतलं. त्याची लाज मला नाय वाटली कदी. तुला वाटायची, ते मला ठावं हाय. पन आज पयल्यांदा मी कुनाला तरी खूश होऊन द्यायला गेलो. हात तसाच ऱ्हायला त काय होतं, ते आज कळलं." माझी कॉलेजची पुस्तकं त्या बडीशेपच्या बशीतून आली, हे ते कधीच म्हणाले नाहीत. त्या दिवशीही नाही.

दुसऱ्या दिवशी काका कामावर आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही. फोन लागेना. खोलीत बेडकाचं डोकं स्टुलावर होतं, त्याच्यावर त्यांचा पंचा नीट घडी करून ठेवलेला. चौथ्या दिवशी माझी सुट्टी होती. मी पेणला उतरून रिक्षानं त्यांच्या गावी गेले. खाडीच्या बांधालगत घर. काकी अंगणात सुकत घातलेली मच्छी परतत होत्या. मला बघून म्हणाल्या, "ये गो बाय, बघ तूच काय झालंय ह्यांना. सोंग सोडलं म्हनतात. चार दिस झाले, घशाखाली घास नीट उतरत नाय."

काका ओटीवर बसले होते. मी माफी मागायला तोंड उघडलं तर त्यांनी हातानं थांबवलं. ते म्हणाले की चूक माझी नाही, शब्द त्यांनी दिला होता. पण सोंगात राहून त्यांनी माणूस परत धाडला. निळा शर्ट, बाह्यांची बटणं लावलेला, साधा माणूस. पैसेवाला असता तर एवढं लागलं नसतं. "नोट आतल्या खिशातनं काडली होती गो त्यानं. आता त्या डोक्यात मी माझं डोकं कसं घालू?"

मी सांगितलं, ते माझे बाबा होते.

काकांनी ओटीवर मला जागा करून दिली. मग मी सगळं बोलले. कोलाडचं हॉटेल, बशी, खाली जाणारी मान, शाळेतली ती मुलगी, गाडीत बाबा म्हणाले ते. एवढं मी कुणाजवळच बोलले नव्हते. ऐकून झाल्यावर त्यांनी विचारलं, आज त्यांची ड्युटी हाय? मी हो म्हटल्यावर उठले, खुंटीवरचा शर्ट घातला. वाटेत मला बजावलं, "तिथं तू बोलायचं नाय. आज तू बेडूक."

आम्ही कोलाडला पोहोचलो तेव्हा दुपारची गर्दी ओसरली होती. दोन ट्रकवाले आणि एक कुटुंब, एवढीच गिऱ्हाइकं. मी कोपऱ्यातल्या टेबलावर बसले आणि बाबांनी बघितलं तेव्हा हातानंच 'नंतर' अशी खूण केली. काका एकटेच मधल्या टेबलावर. बाबांनी त्यांचा चेहरा कधी बघितलाच नव्हता, त्यामुळे ओळखायचा प्रश्न नव्हता. त्यांनी पाणी ठेवलं, माशाचं ताट आणलं, भात संपायच्या आत भात वाढला, सोलकढी न मागता पुन्हा दिली. बाबा वाढताना मी इतकी वर्षं फक्त शेवटची बशी बघत आले होते. त्या आधीचं हे सगळं मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट बघितलं. कुणाला काय हवंय हे त्यांना माणसाच्या हातावरून कळतं.

जेवण झालं. काकांनी हात धुतले, परत आले आणि टेबलाजवळ चपला काढल्या. कपाळाला रुमाल बांधला. समोर डोकं नव्हतं, तरी क्षणभर हात जोडले. आणि मग हॉटेलच्या मधोमध, साठीच्या त्या माणसानं तीन उड्या मारल्या, एक गिरकी घेतली, पुन्हा तीन उड्या मारल्या. गल्ल्यावरचे शेठ उठून उभे राहिले. ट्रकवाल्यांतला एक हसत म्हणाला, आजोबांना कढी चढली वाटतं. काका बाबांच्या पायाशी गुडघ्यावर बसले आणि त्यांनी कपाळ फरशीला टेकवलं.

बाबांच्या हातात उष्टं ताट होतं. ते तसेच उभे. दोन उड्यांतच त्यांनी ओळखलं होतं, हे ते मला नंतर म्हणाले. त्यांनी ताट टेबलावर ठेवलं, खांद्यावरच्या फडक्याला हात पुसले, आतल्या खिशातून घडी केलेली वीसची नोट काढली. तीच होती की दुसरी, मी कधी विचारलं नाही. काकांनी बसल्या बसल्या ती दोन्ही हातांनी घेतली आणि कपाळाला लावली. सोंग अंगावर नसताना. फेरी आधी, देणं नंतर. त्यांचे नियम त्या दिवशी सरळ उभे राहिले नाहीत, आणि त्यांच्या तोंडावर चार दिवसांत पहिल्यांदा हसू आलं.

"गुडघं धरलं," बाबांच्या हाताला धरून उठत ते म्हणाले. "पन फेरी पुरी झाली ना?"

"पुरी झाली," बाबा म्हणाले.

बिल दिल्यावर काकांनी बडीशेपच्या बशीत एक नोट ठेवली. बाबांनी बघितलं तर काका म्हणाले, ही माझी हाय, तुमची इकडं वरच्या खिशात ठेवलीय, जेवन झाक होतं. बाबांनी ती उचलली. मान जराशी खाली गेली. मी यावेळी तोंड फिरवलं नाही.

सोमवारी मी साहेबांकडे गेले आणि सांगितलं की बोर्ड चुकीचा आहे आणि चूक माझी आहे. मागण्यावर बंदी असावी, देण्यावर नको. साहेबांना पटायला दोन आठवडे गेले, त्यातला निम्मा वेळ अवमान शब्द सोडायला लागला. नवा बोर्ड मी एका बैठकीत लिहिला: 'आमचे कलाकार काही मागत नाहीत. तुम्हाला आवडलं, तर ते त्यांना कळू द्या.' काकांनी तो वाचला आणि चपला बाहेर काढून खोलीत गेले.

पुढे दोन वर्षं ते बेडूक होते. मग गुडघे खरंच धरले आणि त्यांनी काम सोडलं. जाताना बेडकाचं डोकं आतून बाहेरून पुसून उन्हात ठेवलं, आणि पुढे ते कोण घालणार हे मला तीनदा विचारलं. मध्येच कधी फोन करायचे. माझी चौकशी एका वाक्यात आणि बाबांची चार वाक्यांत. गेल्या वर्षी छातीत पाणी झालं म्हणून दवाखान्यात नेलं, तिथून ते परत आले नाहीत.

बाराव्याला बाबा माझ्याबरोबर आले. हॉटेलातून सुट्टी काढून, निळा शर्ट घालून. ओटीवर काकांचा फोटो ठेवला होता, कुठल्याशा लग्नातला, टोपी घातलेला, ओळखू येणार नाही इतका गंभीर. लोक फुलं वाहत होते आणि पुढे सरकत होते. बाबांनी फूल वाहिलं. मग आतल्या खिशातून घडी केलेली नोट काढली, दोन्ही हातांनी फोटोसमोर ठेवली आणि एक पाऊल मागे सरकून उभे राहिले.

मागे रांग थांबली. काकांचा मुलगा पुढे आला आणि बाबांना हळूच म्हणाला, या, आत चला, बसा.

"थांब जरा," बाबा म्हणाले, आणि फोटोकडे बघत, एका फेरीला लागतो तेवढा वेळ, तिथंच उभे राहिले.